बोट लागलेली दोघं

एका टँगो गाण्याचं नाव होतं 'लोस मारेआदोस'. रेडिओवर त्याचं 'एन मी पासादो' झालं. घडलं ते एवढंच, आणि तेही ऐंशी वर्षांपूर्वी, ब्युनॉस आयर्समधल्या कुठल्यातरी सरकारी टेबलावर. पण दाताच्या फटीत बडीशेप अडकावी तसा हा बदल अडकून बसतो, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते. 'मारेआदो' म्हणजे झिंगलेला. शब्दाच्या पोटात 'मार' आहे, म्हणजे समुद्र. त्यामुळे मूळचा अर्थ जहाजावर ज्याच्या पोटात ढवळून येतं तो. मराठीत याला नेमका शब्दप्रयोग आहे: बोट लागणे. कोकणात जाणाऱ्या बोटी कधीच्या बंद झाल्या, तो मात्र मागे राहिला. 'लोस मारेआदोस' म्हणजे दारूची बोट लागलेली दोघं. गाण्यात एक बाई आहे, एक पुरुष आहे, शॅम्पेन आहे आणि त्या दोघांची एकत्र अशी ही शेवटची रात्र आहे. 'एन मी पासादो' म्हणजे 'माझ्या भूतकाळात'. त्यात दारू नाही. पण मूळ नावातलं अनेकवचनही नाही. उरलं आहे ते 'माझ्या'.

पुसायची होती दारू, पुसलं गेलं दुसरं माणूस.

४ जून १९४३ला अर्जेन्टिनात लष्करानं सत्ता घेतली आणि त्यानंतर रेडिओवरच्या गाण्यांना बारीक जाळीची चाळणी लागली. लुनफार्दो नको, म्हणजे इटालियन स्थलांतरितांच्या, गोदीतल्या, तुरुंगातल्या शब्दांची खिचडी होऊन तयार झालेली ती शहरी बोली नको. घरीदारी सगळे एकमेकांना 'वोस' म्हणतात ते नको, पुस्तकी स्पॅनिशमधलं 'तू' हवं. आणि पिण्याबिण्याचे उल्लेख नकोत. अयाकुचो रस्त्यावरच्या एका 'बुलीन'वर, म्हणजे पोरांच्या अड्ड्याच्या खोलीवर, एक झकास टँगो होता. तो 'माझी छोटी खोली' झाला आणि त्यातली सगळी पोरं जणू आंघोळ करून भांग पाडून बसली. १९४९मध्ये गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरॉनना भेटलं, मग ही चाळणी सैल झाली. पण 'मारेआदोस'च्या बाबतीत गंमत अशी की नवं नाव बाहेरून आणून चिकटवलेलं नव्हतं. ते ध्रुवपदातूनच उचललेलं होतं: आज तू माझ्या भूतकाळात पाऊल टाकणार, असं तो तिला तिथं सांगतो. वरचा दारूचा थर खरवडला तर खाली काय निघतं, हे त्या अधिकाऱ्यांनी नकळत दाखवून दिलं. टँगोवरच्या पुष्कळ टीकालेखांना एवढं जमलेलं नाही.

या चालीचं नशीबच नाव बदलण्याचं. हुआन कार्लोस कोबियाननं ती १९२२मध्ये एका नाटकासाठी केली, तेव्हा ती होती 'लोस दोपादोस', म्हणजे अमली पदार्थांच्या अमलाखालचे. वीस वर्षांनी आनिबाल त्रोइलोला ती हवीशी वाटली, एन्रिके कादिकामोनं तिच्यावर नवे शब्द लिहिले आणि जून १९४२मध्ये फ्रान्सिस्को फियोरेन्तीनोच्या आवाजात त्रोइलोच्या वाद्यवृंदानं ती ध्वनिमुद्रित केली. दोपादोस, मारेआदोस, पासादो. आधी नशा, मग झिंग, मग दुसऱ्या दिवशीची सकाळ. कादिकामोच्या शब्दांत कुणी कुणाला दोष देत नाही. ती पिते आहे, रडू येऊ नये म्हणून हसते आहे. तो तिला पाहतो, तिचे डोळे चमकताना पाहतो, आणि दारू दोघांनाही चढते. टँगोत हे फार क्वचित सापडतं. एरवी टँगोतला माणूस पितो तेव्हा जिच्यामुळे पितो ती तिथं नसते. असती तर तो प्यायला बसलाच नसता.

अगदी आरंभापासून असंच आहे. 'मी नोचे त्रिस्ते', माझी उदास रात्र, हे १९१७चं. सामुएल कास्त्रियोताची 'लीता' नावाची चाल होती, नुसती वाजवायची. पास्कुआल कोन्तुर्सीनं तिच्यावर शब्द बसवले आणि कार्लोस गार्देलनं ते गायले. गोष्ट सांगणारा, गाण्यासाठीचा टँगो इथून सुरू झाला असं मानतात. त्याच्या पहिल्याच कडव्यात बाई सोडून गेलेली आहे आणि 'एन्कुर्देलार्से' हे क्रियापद आलेलं आहे: तर्र होणे, तुला विसरायला. म्हणजे या प्रकारानं तोंड उघडलं ते दारूच्या वासासकट. पण पुढं ऐकत गेलं की लक्षात येतं, त्या एका क्रियापदानंतर दारूचा मागमूस नाही. माणूस खोलीवर परततो. आरसा धूसर झालेला आहे, रडल्यासारखा. गिटार कपाटात टांगलेली आहे, कुणी छेडत नाही. दिव्याला उजेड द्यावासा वाटत नाही. रात्री तो दार लावून घेत नाही, उघडं असलं की ती येईल असं वाटतं म्हणून. आणि 'माते'सोबत खायला तो अजूनही बिस्किटं आणतो, ती असताना आणायचा तशीच. माते ही तिकडची चहासारखी पानं. ती एकाच भोपळ्यात भिजवायची, एकाच धातूच्या नळीनं आळीपाळीनं ओढायची, एकानं पाणी ओतायचं आणि भोपळा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. एकटा माणूस माते पितो तेव्हा भोपळा द्यायला समोर हात नसतो. कोन्तुर्सीनं हे बोलून दाखवलेलं नाही, फक्त बिस्किटं ठेवली. त्या बिस्किटांपुढं पहिल्या कडव्यातली दारू फिकी आहे, निव्वळ बहाणा वाटावी इतकी.

या माणसाची खोली कुठं असणार तेही आपल्याला सहज कळतं. 'कोन्वेन्तीयो' म्हणजे जवळजवळ चाळच: मधे चौक, सामाईक नळ, सामाईक संडास, एकेका खोलीत एकेक कुटुंब नाहीतर चार-पाच सडे. १९१४च्या खानेसुमारीत ब्युनॉस आयर्सच्या रहिवाशांपैकी जवळपास निम्मे परदेशात जन्मलेले होते आणि त्यांत पुरुष बायकांपेक्षा पुष्कळ जास्त. लालबागच्या गाळ्यात राहणारा गिरणीवालाही एकटा असायचा, पण त्याच्या पाठीशी गाव होतं, शिमग्याला नि गणपतीला जायचं असायचं. इथं गाव समुद्रापलीकडं, बोटीनं दोन-तीन आठवडे. 'एकच प्याला' पाहून वाढलेल्या मराठी माणसाला टँगोतल्या दारूड्यात सुरुवातीला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, ते यामुळेच. इथं सिंधू नाही. दारूपायी घर मोडत नाही, कारण मोडायला घरच नाही. ते आधीच मोडलेलं आहे किंवा कधी झालंच नव्हतं. त्यामुळे व्यसनमुक्तीचा उपदेशही कुणाला सुचत नाही.

काय पितात यावरून माणूस कुठं बसला आहे ते ओळखता येतं. शॅम्पेन आली की कॅबरे समजावं: वीसच्या दशकातलं, बड्या घरच्या पोरांचं, जिथं सोबत बसणाऱ्या बाईला, 'कोपेरा'ला, गिऱ्हाईकानं मागवलेल्या ग्लासांमागं दलाली मिळे. तिचं हसणं बिलात धरलेलं असे. ऊसापासून काढलेली 'कान्या' किंवा दगडी बाटलीतली 'खिनेब्रा' आली की आपण वस्तीच्या कडेच्या गुत्त्यात आलो, जिथं पुढं किराणा नि मागं दारू. फ्रान्सिस्को कानारो आणि हुआन आंद्रेस कारूसोच्या १९२६च्या 'ला ऊल्तिमा कोपा'त, म्हणजे शेवटच्या प्याल्यात, शॅम्पेनचा ग्लास काठोकाठ भरायला सांगतात. ही तपशिलाची चूक नाही. शॅम्पेन काठोकाठ भरत नाहीत, फेस वर येतो आणि बाहेर जातो. काठोकाठ मागणाऱ्याला चव नको आहे, सांडायला हवं आहे. टेबलाभोवती मित्रांचं टोळकं आहे, मौजमजा चालली आहे, आणि हा मनात म्हणतो आहे की याच घडीला तीही कुठंतरी टोस्टसाठी ओठ पुढं करत असेल, कुणीतरी ते चुंबत असेल. भरल्या टेबलावर एकटं बसणं कारूसोनं एवढ्यात उरकलं.

एन्रिके सान्तोस दिसेपोलोचं 'एस्ता नोचे मे एम्बोर्राचो' १९२८चं. नावाचा अर्थ: आज रात्री पिऊन टाकतो. पहाटे कॅबरेतून एक बाई बाहेर पडते आणि गाण्याचा पहिला शब्दच 'सोला', एकटी. उतरलेली, खिळखिळी, मान पिसं उपटलेल्या कोंबड्यासारखी. दहा वर्षांपूर्वी हिच्यासाठी त्यानं आईच्या तोंडचा घास काढला, मित्र घालवले, भिकेला लागला. हे सगळं तो चिडून, कुत्सितपणे सांगतो आणि सांगता सांगता त्याचा स्वतःवरच विश्वास बसेनासा होतो. पण मौज बघा: अख्ख्या गाण्यात तो एक थेंबही पीत नाही. पिईन ही घोषणा आहे, शेवटच्या ओळीत, आणि ती झाल्यावर गाणं संपतं. म्हणजे जे ऐकलं ते सगळं शुद्धीत. कधीकधी गायक हे गाणं पहिल्या ओळीपासून लडबडत म्हणतात, ते म्हणून खटकतं. हा माणूस रस्त्यावर उभा आहे, गारठ्यात, लख्ख जागा. त्याचा सगळा त्रास तोच तर आहे.

टँगोतली दारू विसरायला असते असं प्रत्येक गाणं म्हणतं. ती खरं काय करते हे गार्देलच्या 'तोमो ई ओब्लीगो'त दिसतं. शब्द मानुएल रोमेरोचे, १९३१, पॅरिसजवळ झ्वाँव्हिलला चित्रित झालेल्या सिनेमातलं. नाव म्हणजे गुत्त्यातला एक रिवाज: मी घेतो आणि तुम्हालाही घ्यायला लावतो. नकार द्यायचा नाही, तो अपमान. माणूस म्हणतो आठवण ठार करायची आहे, आणि त्याच दमात कबूल करतो की मित्र कुणी नाही, गाव लांब आहे, तेव्हा तुमच्या छातीवर माझं दुःख ओतू द्या. 'तुमच्या'. समोरचा परका आहे, संबोधन आदरार्थी आहे, एरवीचं 'वोस' नाही. मग तो त्या परक्याला बजावतो की मर्दानं रडायचं नसतं, आवाज भरून आला तर गैरसमज नको. दोन ग्लास मागवले म्हणजे समोरच्या खुर्चीत कुणीतरी ग्लास संपेपर्यंत बसतंच. तेवढा वेळ विकत घ्यायचा असतो. विसरायचंच असतं तर एका ग्लासात भागलं असतं आणि कुणाला काही सांगायची गरज नव्हती. २३ जून १९३५ला बोगोताच्या रेडिओवर गार्देलनं शेवटचं म्हणून गायलं ते हेच. दुसऱ्या दिवशी मेदेयीनच्या विमानतळावर अपघातात तो गेला.

गीतकार ओमेरो मान्सीला हे बरोबर कळलेलं होतं. त्याच्या गाण्यातली गायिका 'मालेना' एका जुन्या प्रेमाचं नाव घेते ते फक्त दारूनं उदास झाली की. आणि 'चे बान्दोनेऑन'मध्ये तो सरळच लिहितो की घोट आठवायला भाग पाडतो, जीव 'ओरसाय'मध्ये असला की. ओरसाय म्हणजे फुटबॉलमधलं ऑफसाइड, अर्जेन्टिनी जिभेवर घोळून गोल झालेलं. जीव ऑफसाइड सापडलेला! पंचाची शिट्टी वाजली आहे, सगळे थांबले आहेत, आणि आपण एकटेच गोलपाशी बॉल घेऊन उभे. या एका शब्दापुढं दुःखावरची किती विशेषणं ओवाळून टाकावीत.

तर समोर बसायला कुणीतरी हवं. एका गाण्यात ते टोळकं असतं, एकात परका माणूस, एकात वेटर. शेवटी कुणीच मिळत नाही तेव्हा उरतो बान्दोनेऑन, अकॉर्डियनसारखा भात्याचा. हे वाद्य जर्मन. ज्या कारखान्याच्या वाद्यांना टँगोवाले सोनं मानतात तो आल्फ्रेड आर्नोल्डचा, सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्डचा. मांडीवर ठेवून वाजवायचं. उजव्या हाताला ३८ बटणं, डाव्याला ३३, आणि भाता उघडताना एक बटण जो सूर देतं तो मिटताना बहुतेक वेळा देत नाही, दुसराच देतं. पेटीची सवय असलेला माणूस इथं दहा मिनिटांत हात टेकतो. पुष्कळ वादक मुख्य धून भाता उघडत उघडतच वाजवतात, कारण तेव्हा आवाज भरदार येतो. मग भाता पुरता ताणला गेला की तो पटकन मिटवायला हवा, पण सूर न उमटता. त्यासाठी उजव्या अंगठ्याखाली एक कळ असते. ती दाबली की हवा नुसतीच निघून जाते. जुन्या ध्वनिमुद्रणांत कान देऊन ऐकलं तर दोन ओळींच्या मधे तो फुसकारा ऐकू येतो. कुणीतरी शेजारी बसून उसासा टाकल्यासारखा. लुनफार्दोत वाद्याला नुसतं 'फुएये', म्हणजे भाता, म्हणतात. दारूड्याला ते जिवंत वाटलं तर त्याचा दोष नाही. ते ऐकून घेतं आणि मधे बोलत नाही.

१९५६च्या 'ला ऊल्तिमा कुर्दा'त हाच कळस आहे. चाल त्रोइलोची, शब्द कातुलो कास्तीयोचे, आवाज एदमुन्दो रिवेरोचा. कुर्दा म्हणजे चढलेली दारू, आणि चढलेला माणूससुद्धा. आपल्याकडं 'बेवडा' हा शब्द माल आणि माणूस दोघांना चालतो, तसं. टेबलावर कुणी नाही. तो वाद्याच्या घोगऱ्या आवाजाशी बोलतो, त्याचा अश्रू रमचा आहे म्हणतो, तुझी शिक्षा सांग, तुझी हार सांग म्हणतो. आणि मग जवळजवळ माफीच मागतो. मला कळतंय मी तुला छळतोय, माझं हे दारूतलं प्रवचन ऐकवून तुला त्रास देतोय. झिंगलेल्या माणसाला आपण कंटाळवाणे झालोत हे कळणं यापेक्षा एकटं काही नसेल. तेवढ्यात उजाडतं. खिडकी लाव, ऊन भाजतंय, असं तो म्हणतो, आणि तेही 'वोस'मधलं, घरगुती, जवळच्या माणसाला सांगावं तसं. तेरा वर्षांपूर्वी रेडिओवर हे रूप चाललं नसतं.

हे गाणं गायला बसलेले पुष्कळजण फसतात आणि बहुतेक एकाच ठिकाणी. दारूड्याचं गाणं म्हणून ते शब्द सैल सोडतात, व्यंजनं चघळतात. झिंग जिभेत नसते, वेळेत असते. गायक ओळीची सुरुवात उशिरा करतो, मधले स्वर लांबवतो आणि शेवटची तीन-चार अक्षरं भराभर टाकून ठोक्यावर येऊन पोचतो. यालाच 'फ्रासेओ' म्हणतात. रोबेर्तो गोयेनेचेचा म्हातारपणी आवाज गेला तेव्हा तो केवळ यावर उभा होता, आणि लोक रडत होते. पण यासाठी साथीदारानं थांबता कामा नये. गायक रेंगाळला म्हणून पियानोवालाही रेंगाळला की दोघं मिळून गाळात जातात. ठोका सरळ चालत राहिला तरच त्याला चुकवून झोकांडी दिसते. भिंत सरळ असेल तरच तिचा आधार घेत चालणारा तिरका दिसेल. दुसरी चूक म्हणजे पहिल्या ओळीलाच छाती फोडणं. ही चाल खालच्या सुरात पुटपुटत सुरू होते, आणि खिडकीपर्यंत पोचायला वर पुष्कळ चढायचं असतं.

'कुर्दा' नाचासाठी लावत नाहीत. ठोका सारखा लपतो, पाय अडखळतात. नाचाच्या रात्री, मिलोंगात, लागतो तो १९४२चा 'मारेआदोस', तीन मिनिटांच्या आतला, फियोरेन्तीनोचा. तबकडीच्या एका बाजूत बसवायचं म्हणून तेव्हा आधी बराच वेळ वाद्यं वाजत, मग गायक येई, शब्दांतला काही भाग गाई आणि थांबे. गायकाचा भावही वाद्यवृंदातल्या आणखी एका वाद्याएवढाच. आणि नाव रेडिओवर काहीही झालेलं असो, आज सगळे त्याला 'मारेआदोस'च म्हणतात, अनेकवचनीच. जुन्या पद्धतीच्या मिलोंगात बायका एका बाजूला बसतात, पुरुष समोर. दुरून नजर मिळाली, मान हलली की उठायचं. एकाच वाद्यवृंदाचे तीन-चार टँगो सलग, त्याला 'तांदा' म्हणतात, आणि तेवढा वेळ जोडीदार तोच. छातीला छाती, कपाळाला कपाळ, तिचे डोळे मिटलेले. नाव विचारलेलं असतं किंवा नसतंही. तांदा संपला की 'कोर्तीना' वाजते, अर्ध्या-एक मिनिटाचं कुठलंतरी भलतंच गाणं, जमीन मोकळी करायला. तो 'ग्रासियास' म्हणतो, तीही म्हणते. तो तिला तिच्या खुर्चीपर्यंत पोचवतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला आपल्या टेबलाकडं जातो. ग्लास तिथं अर्धा ठेवलेला असतो.